गावच्या पाण्यासाठी कर्जरोखे: मत देण्याआधी काय पाहायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मॅसॅच्युसेट्समधल्या साधारण नऊ हजार वस्तीच्या एका टाऊनमध्ये राहता. मागच्या वर्षी नागरिकत्व मिळालं आणि मतदानाची ही तुमची पहिलीच वेळ. टाऊनच्या विहिरींच्या पाण्यात पीफास, म्हणजे सहज न मोडणारी मानवनिर्मित रसायनं, सापडल्यामुळे नवं शुद्धीकरण केंद्र बांधायचं आहे, शिवाय दोनेक मैल जुनी जलवाहिनी बदलायची आहे. त्यासाठी १ कोटी २० लाख डॉलरचे कर्जरोखे काढायचे, आणि त्यावर आधी टाऊन मीटिंगमध्ये, म्हणजे टाऊनच्या मतदारांच्या सभेत, आणि मग मतपत्रिकेवर असं दोनदा मतदान आहे. मतपत्रिकेवरच्या प्रश्नात रकमेचा आकडाच नाही, याने तुम्ही गोंधळलात. शेजारच्यांची स्वतःची बोअर आहे, ते म्हणतात, ‘आमचा काय संबंध?’ आणि तुमच्या घरात चर्चा अशी की मालमत्ता कर आधीच डोईजड झालाय, मग ‘हो’ म्हणायचं की ‘नाही’?

मी स्थापत्य अभियंता. पहिली सात वर्षं सोलापूर-उस्मानाबाद पट्ट्यात नगरपालिकांच्या पाणीयोजनांवर गेली आणि नंतरची पंचवीस वर्षं इथे न्यू इंग्लंडमधल्या लहान टाऊनच्या पाण्याच्या कामात. अशा किती टाऊन मीटिंगांना मी नकाशे घेऊन उभा राहिलो असेन, त्याची मोजदाद नाही. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली: लोक ‘पाणी स्वच्छ हवं का’ या प्रश्नावर मत देऊन घरी जातात. त्याचं उत्तर तर सगळ्यांचं एकच असतं. खरं मत द्यायचं असतं ते परतफेडीवर. कर्ज कोण फेडणार, करातून की पाणीपट्टीतून, किती वर्षं आणि कुठल्या व्याजाने. तेवढं नीट वाचलंत की तुमचं उत्तर तुम्हालाच सापडेल.

आधी तो न दिसणारा आकडा. १९८० च्या नोव्हेंबरमध्ये या राज्यातल्या मतदारांनी ‘प्रपोझिशन अडीच’ नावाचा कायदा मंजूर केला. त्यानुसार टाऊनला मालमत्ता करातून मिळणारी एकूण रक्कम वर्षाला अडीच टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. नवी बांधकामं झाली तर त्यांचा कर वेगळा. त्या मर्यादेच्या वर जाऊन एखादं कर्ज करातून फेडायचं असेल, तर मतदारांची परवानगी लागते. तिला ‘डेट एक्स्क्लूजन’ म्हणतात. तुमच्या मतपत्रिकेवरचा प्रश्न हाच आहे. त्याची शब्दरचना कायद्यानेच ठरवून दिलेली असते आणि तीत रक्कम लिहायची नसते. कोणी काही लपवलेलं नाही. रक्कम पाहायची ती टाऊन मीटिंगच्या वॉरंटमध्ये, म्हणजे सभेच्या विषयपत्रिकेत. तिथल्या आर्टिकलमध्ये, म्हणजे त्या विषयाच्या कलमात, किती रक्कम, कशासाठी, आणि कर्ज काढायचा अधिकार कोणाला, हे सगळं असतं. वॉरंट टाऊन क्लार्कच्या, म्हणजे टाऊनच्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयात मिळतं. फायनान्स कमिटीची शिफारसही बहुतेक त्याच पुस्तिकेत छापलेली असते, ती सोडू नका. ही माणसं बिनपगारी काम करतात आणि आकडे खरोखर बसून तपासतात.

टाऊन मीटिंगमध्ये कर्जाला दोन तृतीयांश मतं लागतात, मतपत्रिकेवर साधं बहुमत पुरतं. दोन्हीकडे ‘हो’ झालं तरच करातून फेडायचं कर्ज उभं राहतं. प्रत्येक राज्याची रीत वेगळी. कॅलिफोर्नियात गावाच्या कराच्या जोरावर काढलेल्या रोख्यांना दोन तृतीयांश मतं लागतात, आयोवात ६० टक्के. मिसूरीत नेहमीच्या निवडणुकीच्या दिवशी सात मतांपैकी चार लागतात आणि इतर दिवशी दोन तृतीयांश. पण तिथेच पाणीपट्टीच्या उत्पन्नावर काढलेल्या रोख्यांना साधं बहुमत चालतं. दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकांनी सांगितलेले नियम म्हणून इथे लावू नका.

आता मुख्य मुद्दा. रोखे दोन प्रकारचे. एकात टाऊन आपली पूर्ण पत आणि कर लावण्याचा अधिकार तारण ठेवतं. दुसऱ्यात फक्त पाणी खात्याचं उत्पन्न. मॅसॅच्युसेट्समधल्या टाऊनचे रोखे बहुतेक पहिल्या प्रकारचे असतात. पण तारण काय आणि हप्ता रोजच्या व्यवहारात कुठल्या खिशातून जातो, या दोन वेगळ्या गोष्टी. रोख्यामागे कराचं तारण असूनही हप्ते पाणीपट्टीतून भरणारी कितीतरी टाऊन आहेत. पाणी खात्याचा हिशेब त्यासाठी वेगळा ठेवलेला असतो, त्याला ‘एंटरप्राइज फंड’ म्हणतात. हप्ता सगळा तिथूनच जाणार असता, तर डेट एक्स्क्लूजनची गरजच नव्हती. ज्या अर्थी तुमच्याकडे मतपत्रिकेवर प्रश्न आलाय, त्या अर्थी निदान काही भाग तरी करातून फेडायचा बेत आहे. किती, हा तुमचा पहिला प्रश्न असू द्या.

आकडे मांडून दाखवतो. समजा टाऊनमध्ये ३,००० नळजोडण्या आहेत आणि सगळ्या मालमत्तांचं करपात्र मूल्य मिळून २ अब्ज डॉलर आहे. तुमच्या टाऊनचे खरे आकडे यात घाला, रीत तीच. १ कोटी २० लाख डॉलर, २० वर्षं, ४ टक्के व्याज, दर वर्षी सारखा हप्ता धरला, तर वर्षाला साधारण ८ लाख ८३ हजार डॉलर जातात. पाणीपट्टीतून फेडले तर जोडणीमागे वर्षाला सरासरी २९४ डॉलर. करातून फेडले तर हजार डॉलर मूल्यामागे ४४ सेंट: म्हणजे ४ लाखांच्या घराला १७७ डॉलर, ६ लाखांच्या घराला २६५, ९ लाखांच्या घराला ३९७.

काय बदललं पाहा. एकूण खर्च तोच, पण भार एका घरावरून दुसऱ्यावर सरकला. करातून फेडलं तर मोठ्या घरवाल्याने जास्त दिलं, तुमच्या बोअरवाल्या शेजाऱ्यांनीही दिलं, आणि ज्या चर्चला किंवा शाळेला मालमत्ता कर माफ आहे तिने काहीच दिलं नाही, पाणी कितीही वापरो. पाणीपट्टीतून फेडलं तर चर्चही देतं, बोअरवाले देत नाहीत, आणि लहान घरात राहणारी चार-पाच जणांची कुटुंबं जास्त देतात. आणखी एक गोष्ट तुमच्या टाऊनमधले नोकरदार बोलून दाखवतीलच: आयकर भरताना वजावटी तपशीलवार दाखवल्या, तर मालमत्ता कर ठरलेल्या मर्यादेपर्यंत त्यात धरता येतो. घरचं पाण्याचं बिल धरता येत नाही. मर्यादेत जागा शिल्लक असलेल्या घराला त्यामुळे करातून फेडणं थोडं स्वस्त पडतं.

यातलं न्याय्य काय? माझं मत स्पष्ट सांगतो. शुद्धीकरण केंद्र हे नळाच्या पाण्यासाठी आहे, त्याचा बहुतेक हप्ता पाणीपट्टीतूनच जावा. जलवाहिनीचं तसं नाही. लहान गावातली जलवाहिनी पिण्यापुरती घालायची असती तर फारच बारीक चालली असती. ती जाड घालावी लागते आगीसाठी. हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी देणारा रस्त्याकडेचा नळ, बसवायचा तर त्याला पाणी देणारी नळी निदान सहा इंचांची हवी, आणि बंब जोडलेला असतानाही वाहिनीत कुठेच दाब २० पीएसआयच्या (चौरस इंचावर २० पौंडांच्या) खाली जाता कामा नये, हा आमच्या धंद्यातला जुना नियम. घरांच्या विम्यासाठी कंपन्या गावाच्या अग्निशमन व्यवस्थेची जी प्रतवारी वापरतात, तीत १०५.५ पैकी ४० गुण निव्वळ पाणीपुरवठ्याचे असतात. तुमच्या शेजाऱ्यांच्या घराजवळ हायड्रंट असेल, तर पाणी बोअरचं असलं तरी विम्याच्या हप्त्यात या वाहिनीचा वाटा आहेच. म्हणून वाहिनीचा काही भाग करातून, हे मला पटतं. शेजाऱ्यांना हे समजावून सांगा, भांडण न करता. आणि त्यांची बोअरही एकदा तपासून घ्या म्हणावं. टाऊनच्या विहिरीत पीफास ज्या भूजलातून आलं, ते भूजल कुंपण पाहून थांबत नाही.

पीफासबद्दल थोडं सांगतो, कारण ‘इतकं महागडं केंद्र खरंच लागतं का’ असा सूर प्रत्येक सभेत निघतो. राज्याने ऑक्टोबर २०२० मध्ये सहा पीफास रसायनांची मिळून लिटरमागे २० नॅनोग्रॅम अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२४ मध्ये ईपीएने, म्हणजे केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेने, त्यातल्या दोन मुख्य रसायनांसाठी देशभर प्रत्येकी ४ नॅनोग्रॅम ठरवले. नंतर मे २०२५ मध्ये ही दोन रसायनांची मर्यादा कायम ठेवून मुदत २०२९ वरून २०३१ पर्यंत नेण्याचा इरादा जाहीर केला. म्हणजे घाईचा दाब थोडा सैल होऊ शकतो, काम टळत नाही. ही रसायनं उकळून जात नाहीत, क्लोरिननेही नाही. ती काढायची तर पाणी दाणेदार सक्रिय कार्बनच्या किंवा आयन-विनिमय रेझिनच्या मोठ्या टाक्यांमधून न्यावं लागतं.

इथेच एक खर्च असतो, जो रोख्यांच्या चर्चेत हरवतो. रोख्यांच्या पैशातून इमारत होते, टाक्या होतात, पंप येतात. पण कार्बन ठरावीक काळाने संपतो, तो बदलायचा, जुना विल्हेवाटीला पाठवायचा, वीज भरायची, प्रयोगशाळेचं बिल भरायचं, परवानाधारक चालक नेमायचा. हे सगळं दरवर्षीच्या पाणीपट्टीतून. मी ज्या सादरीकरणांना बसलोय, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हप्त्याचा आकडा पहिल्याच पानावर असतो आणि चालवण्याचा खर्च कोणी विचारल्यावर निघतो. तुम्ही विचारा: ‘केंद्र सुरू झाल्यावर पहिल्या वर्षी, हप्ता आणि चालवणं धरून, माझं बिल किती?’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता आलं, तर समजा पाणी खात्याने गृहपाठ केलाय.

हप्त्याच्या आकड्यातही एक मेख असते. इथली टाऊन अनेकदा मुद्दल दर वर्षी सारखं फेडतात आणि व्याज उरलेल्या मुद्दलावर लावतात. आपल्याच उदाहरणात मग पहिल्या वर्षी १० लाख ८० हजार डॉलर जातात, जोडणीमागे ३६० डॉलर, आणि विसाव्या वर्षी २०८. ही रीत एकूण व्याज वाचवते, चांगलीच आहे. पण सभेत ‘सरासरी’ आकडा सांगितला गेला आणि पहिलं बिल त्याहून मोठं आलं, की लोकांचा विश्वास उडतो आणि पुढच्या कामाला मतं मिळत नाहीत. म्हणून पहिल्या वर्षाचा आकडा मागा.

आता व्याज. टाऊनच्या रोख्यांवर मिळणाऱ्या व्याजावर केंद्र सरकारचा आयकर सहसा लागत नाही, म्हणून गुंतवणूकदार कमी व्याजावर तयार होतात. बाजारात रोखे काढण्याखेरीज आणखी एक वाट आहे आणि लहान टाऊनसाठी तीच पहिली पाहावी. १९९६ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक राज्यात एक फिरता निधी सुरू झाला. आधीच्या टाऊनने फेडलेला पैसा पुढच्या टाऊनला कमी व्याजाने मिळतो. मॅसॅच्युसेट्समध्ये हे कर्ज क्लीन वॉटर ट्रस्ट देतो, साधारणपणे २ टक्क्यांनी, आणि पीफासच्या कामांना शून्य टक्के व्याजानेही कर्जं दिली गेली आहेत. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यातूनही पीफाससारख्या दूषितांसाठी या निधीत खास पैसा आला.

फरक किती पडतो ते पाहा. तीच रक्कम, तीच २० वर्षं: ४ टक्क्यांनी एकूण १ कोटी ७६ लाख ६० हजार फेडावे लागतात, २ टक्क्यांनी १ कोटी ४६ लाख ८० हजार, शून्य टक्क्यांनी घेतलं तेवढंच. जोडणीमागे वर्षाला २९४, २४५ आणि २००. एवढी तफावत ठेकेदाराशी कितीही घासाघीस केली तरी निघत नाही. या निधीतून कर्ज द्यायच्या कामांची राज्य यादी करतं. त्या यादीत नाव लागलं, की टाऊनला त्या वर्षीच्या जूनअखेरपर्यंत मतदारांची मंजुरी आणून दाखवावी लागते. वसंत ऋतूतल्या टाऊन मीटिंगमध्ये हे विषय इतक्या घाईने का येतात, याचं कारण बहुतेक वेळा हेच. घाई पाहून संशय घेऊ नका, पण यादीत आपलं नाव आहे का, किती रकमेला आणि कुठल्या व्याजाने, हे नक्की विचारा. नाव नसेल तर, ‘वर्षभर थांबून अर्ज केला तर काय बिघडेल?’ हाही रास्त प्रश्न आहे.

त्याच दमात नुकसानभरपाईचंही विचारा. पीफास बनवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध देशभरच्या पाणीपुरवठा संस्थांनी दावे लावले होते. त्यात थ्रीएमने निदान १०.३ अब्ज डॉलर आणि ड्यूपाँट व तिच्याशी संबंधित कंपन्यांनी सुमारे १.१९ अब्ज डॉलर द्यायचं ठरलं. तुमच्या टाऊनने आपला हक्क नोंदवला का, पैसे आले का, आणि आले तर ते या कर्जाच्या फेडीलाच लावायचा ठराव आहे का? हे ठरावात लिहून घेतलं नाही, तर पैसे सर्वसाधारण खात्यात जिरतात.

मुदतीचा प्रश्न लोक नेहमी ‘हप्ता लहान ठेवा’ एवढ्यावरच सोडवतात. ३० वर्षं घेतली तर, ४ टक्क्यांनी, जोडणीमागे २३१ डॉलर येतात, ऐकायला बरं वाटतं. पण एकूण फेड २ कोटी ८ लाखांवर जाते. माझी पट्टी अशी: कर्ज वस्तूच्या आयुष्यापेक्षा लांब असू नये. ओतीव लोखंडाची चांगली घातलेली जलवाहिनी पाऊणशे-शंभर वर्षं चालते, तिला ३० वर्षांचं कर्ज बिनधास्त घ्या. उद्या इथे राहायला येणारी माणसंही तिचं पाणी पिणार आहेत, त्यांनी थोडं फेडलं तर न्यायच आहे. पंप आणि नियंत्रण यंत्रणा पंधरा-वीस वर्षांत बदलाव्या लागतात, त्यांचं कर्ज त्याच्या आत संपलं पाहिजे. दोन्ही एकाच आर्टिकलमध्ये गुंडाळलं असेल तर वेगळं मागा. जमिनीत नळी कशाची आहे, हेही विचारा. दुसऱ्या महायुद्धानंतर घातलेल्या ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या नळ्या या भागात अजून आहेत, आणि ज्या रस्त्यावर त्या वर्षातून दोन-तीनदा फुटतात, तिथे नकाशा बघायची गरजच पडत नाही.

‘नाही’ म्हटलं तर काय, याच्या दोन आठवणी सांगतो. एका टाऊनमध्ये केंद्राचा ठराव दोन तृतीयांशला थोडक्यात मुकला. लोकांना वाटलं, कर वाचला. पण राज्याची मर्यादा तशीच राहिली, दूषित विहीर बंद ठेवावी लागली, उन्हाळ्यात बागेला पाणी बंद झालं, शेजारच्या टाऊनकडून पाणी विकत घ्यावं लागलं, आणि दोन वर्षांनी तेच केंद्र जास्त किमतीला मंजूर झालं. पहिल्या सभेत विरोधात बोललेले एक आजोबा दुसऱ्या सभेत स्वतः उठून बाजूने बोलले. त्यांचा तो कापरा आवाज अजून आठवतो.

दुसऱ्या टाऊनमध्ये ‘नाही’ बरोबर ठरलं. तिथे उंचावरची टाकी गरजेपेक्षा कितीतरी मोठी आखली होती, पुढे येणार म्हणून धरलेल्या वसाहतीच्या भरवशावर. एका शाळाशिक्षिकेने सभेत मागच्या दहा वर्षांचा रोजचा पाणीवापर वाचून दाखवला. तो घटत चालला होता. नवे नळ, नवी शौचालयं कमी पाणी घेतात, त्यामुळे असं बऱ्याच गावांत झालंय. ठराव पडला, वर्षभरात लहान टाकीचा आराखडा आला आणि मोठ्या बहुमताने मंजूर झाला. त्या आराखड्यावर माझंही काम होतं. त्या बाईंचं म्हणणं ऐकायला आम्हाला सभेपर्यंत थांबावं लागलं, याची मला आजही चुटपुट आहे.

दोन्ही ठिकाणचा फरक लक्षात घ्या. पहिल्यात लोक खर्चाला नाही म्हणाले, दुसऱ्यात आराखड्याला.

म्हणून पर्याय काय काय तपासले तेही विचारा. स्वच्छ विहिरीचं पाणी मिसळून चाललं असतं का? शेजारच्या टाऊनशी जोडणी? बॉस्टनच्या प्रादेशिक व्यवस्थेचं, म्हणजे एमडब्ल्यूआरएचं, पाणी घेता येईल का? ते पाणी मुख्यतः क्वाबिन जलाशयातून येतं. त्यासाठी २८ एप्रिल १९३८ रोजी डॅना, एन्फिल्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चार टाऊन कायमची मोडीत काढली गेली. माझ्या मामाचं गाव उजनीत गेलं. क्वाबिनच्या काठावर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मामाच आठवले. नळाच्या पाण्यासाठी कोणी काय दिलंय, हे मला हिशेबातून वेगळं काढता येत नाही. तुमच्या टाऊनला निदान विचारलं जातंय, आणि म्हणून मी हे इतकं लांबलचक लिहितोय.

ही विचारण्याची रीत इथे जुनी आहे. न्यूयॉर्कने १८३५ च्या एप्रिलमध्ये क्रोटन नदीचं पाणी आणण्यासाठी मतदान घेतलं: १७,३३० बाजूने, ५,९६३ विरोधात. पाणी यायला १८४२ उजाडलं. मधे १८३५ च्याच डिसेंबरात शहराचा मोठा भाग आगीत गेला. बॉस्टनच्या मतदारांनी तर १८४५ मध्ये पाण्याचा कायदा फेटाळला, पुढच्या वर्षी मंजूर केला आणि २५ ऑक्टोबर १८४८ रोजी बॉस्टन कॉमनवर कारंजं उडालं. ते पाणी आलं नेटिक-फ्रेमिंगहॅमच्या लेक कोचिच्युएटमधून. आपली कितीतरी मराठी मंडळी आज त्याच काठाने फिरायला जातात.

‘आपल्याकडे असं का विचारत नाहीत?’ असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये चोवीस तास पाणी योजनेसाठी २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्क्यांनी काढले, ते महापालिकेच्या आणि सरकारच्या मंजुरीने. नागरिकांचं मतदान आपल्या कायद्यात नाही. लहान नगरपालिका एकेकट्या बाजारात जाऊ शकत नाहीत, म्हणून तामिळनाडूने २००२ च्या सुमारास तेरा लहान गावांची मोट बांधून एकत्र रोखे काढले. लोकांना विचारण्याच्या सर्वात जवळ गेलेलं गाव म्हणजे चेन्नईजवळचं आलंदूर. तिथे भुयारी गटारासाठी घराघरातून ५,००० रुपये अनामत घेतली आणि लोकांनी ती दिली. महाराष्ट्रातल्या जलस्वराज्य योजनेतली दहा टक्के लोकवर्गणी तुमच्या आई-वडिलांना आठवत असेल. ग्रामसभेत ‘वर्गणी कोण भरणार’ यावर होणारी भांडणं आणि इथल्या टाऊन मीटिंगमधली भांडणं यांत मला फारसा फरक दिसलेला नाही. ज्या गावात वर्गणी भरली गेली, तिथे पंप बंद पडला की लोक चार दिवस वाट पाहत बसत नसत, सरपंचाच्या दारात जात.

एक धोका मात्र ओळखून ठेवा. अलाबामातल्या जेफरसन काउंटीने गटारयोजनेसाठी काढलेलं कर्ज बदलत्या व्याजाच्या आणि स्वॅपच्या, म्हणजे व्याजाच्या अदलाबदलीच्या करारांच्या, गुंतागुंतीत अडकवलं, त्यात भ्रष्टाचार झाला, आणि २०११ च्या नोव्हेंबरमध्ये काउंटीला दिवाळखोरी जाहीर करावी लागली. बोजा शेवटी सामान्य माणसाच्या बिलावर आला. तुमच्या टाऊनचं कर्ज ठरलेल्या व्याजाचं आणि ठरलेल्या हप्त्यांचं असेल, तर ती भीती नाही. तसंच आहे ना, एवढं विचारून घ्या.

तुमच्या जागी मी असतो तर? कर्ज फिरत्या निधीतून, केंद्राचा बहुतेक हप्ता पाणीपट्टीतून, वाहिनीचा काही भाग करातून, आणि नुकसानभरपाई फेडीला, असा आराखडा असेल तर मी दोन्ही वेळा ‘हो’ म्हणेन. सगळं करावर टाकलं असेल आणि निधीसाठी अर्जच केला नसेल, तर सभेत उठून दुरुस्ती सुचवेन. आणि एक गोष्ट आवर्जून बघेन: मागच्या दहा वर्षांत पाणीपट्टी किती वेळा वाढली. निवडणुकीच्या धाकाने ती वर्षानुवर्षं न वाढवणाऱ्या टाऊनमध्येच गंजलेल्या नळ्या आणि रिकामी गंगाजळी सापडते, आणि मग सगळं एकदम रोख्यांवर येऊन पडतं. डोईजड कर म्हणता ना, त्यातल्या काहींचं मूळ या न वाढवलेल्या पाणीपट्टीत असतं. घरात कोणी वयस्कर, ठरावीक उत्पन्नावरचं असेल तर पाणीपट्टीत आणि करात सवलत आहे का, तेही क्लार्ककडे विचारा. अनेक टाऊनमध्ये ती असते आणि मागितल्याशिवाय मिळत नाही.

आता दोन व्यवहाराच्या गोष्टी. मतदार नोंदणी सभेच्या आणि निवडणुकीच्या निदान दहा दिवस आधी झालेली हवी. नागरिकत्व मिळालं म्हणजे नोंदणी आपोआप झाली असं धरू नका, क्लार्ककडे नाव तपासा. आणि खुल्या टाऊन मीटिंगला टपालाने मत देता येत नाही, तिथे प्रत्यक्ष बसावं लागतं. पाण्याचा विषय अनेकदा रात्री उशिरा निघतो, तोवर लहान मुलांचे आई-वडील उठून गेलेले असतात. मुलांना सांभाळायची सोय करा, किंवा तुमच्या गल्लीतल्या चार घरांनी मिळून करा. फायनान्स कमिटीची सुनावणी मात्र कोणालाही खुली असते. तुमच्या यजमानांचं ग्रीन कार्डच असेल तरी ते तिथे जाऊन वरचे सगळे प्रश्न विचारू शकतात. सुनावणीची तारीख सभेच्या आधीची असते, आणि आराखड्यात बदल व्हायचा असेल तर तो तिथेच होतो.